जूनमध्ये न मोडणारा व्यायाम आणि घरचंच जेवण: गोव्यातल्या घरासाठी बारा आठवड्यांचा क्रम

नोव्हेंबर ते मे मिरामारच्या वाळूवर, कांपालच्या फुटपाथवर, फोंड्याला फर्मागुढीच्या चढावर सकाळी सहाला माणसं चालताना दिसतात. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की त्यातली बरीचशी गायब होतात ती चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत. मग दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मीही कित्येक वर्षं हेच केलं. आळस हे त्याचं कारण फार थोड्या वेळा असतं. चूक बहुतेकदा क्रमात होते. सोमवारपासून एकदम भात बंद, साखर बंद, पहाटे तासभर धावणं आणि संध्याकाळी जिम असं सगळं एकदाच सुरू केलं की चौथ्या दिवशी गुडघा बोलतो आणि दहाव्या दिवशी भूक.

खालचा क्रम बारा आठवड्यांचा आहे. मार्चच्या सुरुवातीला हात घातलात तर मेअखेर तो पूर्ण होतो आणि पाऊस येईपर्यंत घडी बसलेली असते. दुसऱ्या महिन्यात सुरू केलात तरी हरकत नाही. फक्त पावसाचा टप्पा आधी वाचून ठेवा.

टप्पा १: सुरू करण्याआधीचा आठवडा

या आठवड्यात व्यायाम नाही आणि पथ्यही नाही. फक्त तपासणी आणि नोंद.

रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आढळलं. देशात ते सर्वांत जास्त होतं. चौघांत एकाला मधुमेह असलेल्या राज्यात "मला काही त्रास नाही" या भरवशावर चढ चढायला जाऊ नये.

इशारा: छातीत दुखणं, थोड्याशा श्रमाने धाप, चक्कर, आधीचा हृदयविकार किंवा गुडघ्या-कमरेची शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोस आणि चालण्याची वेळ यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

आता मापं. वजनकाट्याआधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. मग खुर्चीवर बसा, हात छातीशी घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. हा आकडा बाराव्या आठवड्यात कामाला येईल.

सात दिवस वहीत खाल्लेलं सगळं लिहा. चहा, चहाबरोबरचं बिस्कीट, शेजाऱ्यांनी दिलेला लाडू, शनिवारचं बाहेरचं जेवण, सगळं. लिहायला लागलं की माणूस आपोआप शहाण्यासारखा खातो आणि तिथेच नोंद फसते. या आठवड्यात काही सुधारू नका, नेहमीसारखंच खा.

घरात नवं तेल आणि नवं मीठ उघडाल त्या दिवशी पाकिटावर तारीख लिहा. आणखी काही न करता एवढं केलंत तरी महिन्याने बरंच कळतं.

टप्पा २: वेळ खुंटीला बांधा

"वेळ मिळेल तेव्हा" ही वेळ येत नाही. घरात रोज आपोआप घडणाऱ्या गोष्टीला व्यायाम बांधा. आमच्या वाड्यावर ती खुंटी म्हणजे पोदेर, पाववाला. सायकलवरचा भोंगा ऐकू आला की पाव घ्यायला दारात जावंच लागतं. पाव घरात ठेवायचा आणि त्याच पावली बाहेर पडायचं. तुमच्याकडे मुलांची शाळेची बस असेल, नळाचं पाणी असेल किंवा देवपूजा असेल. रोज ठरावीक वेळी घडणारं काहीही चालतं.

दोन वेळा ठरवा. मुख्य वेळ अर्ध्या तासाची. दुसरी, राखीव, दहा मिनिटांची आणि तीही रात्रीच्या जेवणानंतर. सकाळ हुकली तर रात्रीची शतपावली चुकवायची नाही. शतपावलीत शंभर पावलं मोजून थांबणारे लोक मी पाहिले आहेत. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा मिनिटं चाला. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते आणि मधुमेहींना याचा फायदा लगेच दिसतो.

बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठाभर जागा हवी. चपलेवर रोज अर्धा तास चाललात तर टाच कुरकुरू लागते.

टप्पा ३: चालणं (आठवडा १ ते ४)

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. तिथे पहिल्याच दिवशी पोहोचायचं नाही.

आठवडा १: सकाळी १० मिनिटं, रात्री १० मिनिटं, पाच दिवस. सपाट रस्ता.
आठवडा २: सकाळी १५, रात्री १०.
आठवडा ३: सकाळी २०, रात्री १०.
आठवडा ४: सकाळी सलग ३०, रात्रीचे १० जमतील तेव्हा.

वेग घड्याळावर ठरवू नका, बोलण्यावर ठरवा. चालताना वाक्य पूर्ण बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम श्रमाचा वेग. गाणं सहज म्हणता येत असेल तर तुम्ही फिरायला आला आहात. दोन शब्दांतच दम लागत असेल तर वेग उतरवा.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्याच आठवड्यात मी फर्मागुढीचा चढ धरला, तोही मे महिन्यात, तोही पळत. चढताना काही झालं नाही. उतरताना गुडघा गेला आणि पुढचे दोन महिने औषधपाण्यात. उताराचा भार गुडघ्यावर जास्त येतो हे तेव्हा माहीत नव्हतं. चढ-उतार पाचव्या आठवड्यानंतर, तेही हळूहळू.

गोव्यातल्या पुष्कळ रस्त्यांना फुटपाथ नाही. अशा ठिकाणी समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चाला, फिकट कपडे घाला आणि कानात इयरफोन ठेवू नका. कुत्र्यांचा त्रास असेल तर हातात काठी ठेवा. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत घरी परता. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, म्हणून शरीर नीट थंड होत नाही. डोकं दुखू लागलं, मळमळलं किंवा घाम अचानक थांबला तर सावलीत बसा, पाणी प्या आणि मदत मागा.

थांबायची खूण: छातीवर दडपण, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, गार घाम. "गॅस असेल" म्हणून घरी चालत जाऊ नका. जागीच बसा आणि १०८ ला फोन लावा. मधुमेहींना हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं ही साखर उतरल्याची खूण असते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. खिशात साखरेची पुडी ठेवा.

टप्पा ४: ताकद (आठवडा ५ पासून)

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. "मी रोज चालतो ना" म्हणतात. चालण्याने हृदय सुधारतं, पण चाळिशीनंतर झडत जाणारे स्नायू केवळ चालून टिकत नाहीत. जमिनीवरून हात न टेकता उठता येणं, गॅसचा सिलिंडर सरकवणं, नातवाला उचलणं हे सगळं ताकदीचं काम. आठवड्यातून दोन दिवस पुरतात, मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवून. सोमवार-गुरुवार ठेवा किंवा मंगळवार-शनिवार.

जिमची गरज नाही. एक भक्कम खुर्ची, एक भिंत, पाच लिटरचे दोन कॅन.

१. खुर्चीवरून उठणं-बसणं. बसताना धप्पकन पडू नका, तीन मोजत खाली या. गुडघे आत वळू देऊ नका. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर सरकते, तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा.
२. भिंतीवरचे दंड. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. सोपं झालं की ओट्यावर, मग खाटेच्या कडेवर, शेवटी जमिनीवर.
३. कॅन ओढणं. एक हात टेबलावर टेकवून वाका, दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढा. विहिरीतून पाणी ओढणाऱ्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.
४. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. वर दोन सेकंद थांबा.
५. टाचा उचलणं, भिंतीचा आधार घेऊन.
६. दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन व्हरांड्यात एक मिनिट चालणं. पाठ ताठ, खांदे खाली.

पहिले पाच प्रत्येकी ८ ते १२ वेळा, असे दोन फेरे. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत. बारा आरामात जमू लागले आणि सलग दोन दिवस जमले, की खुर्ची थोडी बुटकी घ्या किंवा कॅनमध्ये पाणी वाढवा. कॅन आधी अर्धाच भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतकं सोपं वजन दुसरं नाही.

श्वास रोखू नका. जोर लावताना सोडा. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं मात्र वेगळं. तो व्यायाम त्या आठवड्यापुरता सोडा.

आणि पोट उतरवायला पोटाचेच व्यायाम शंभर-शंभर करणारे असतात. पोटाचे व्यायाम करून पोटाच्याच भागातली चरबी वितळत नाही. तो वेळ वरच्या सहा व्यायामांना द्या.

टप्पा ५: ताट (आठवडा २ पासून, दर दोन आठवड्यांनी एकच बदल)

इथे क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि इथेच तो सर्वांत जास्त चुकतो. लोक आधी भात बंद करतात. ज्या घरात पेज, भात आणि हुमण (माशांची आमटी) यांवर शरीर वाढलं तिथे भात अचानक बंद केला की चार वाजता माणूस मिरची भज्यांच्या दुकानासमोर उभा असतो. भाताला शेवटी हात लावा.

आठवडा २: चहा. दिवसाला पाच कप आणि कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. २००० कॅलरीच्या आहारात जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे तुमचा सगळा हिशेब चहातच संपतो. एकदम बिनसाखरेचा पिऊ नका. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ महिन्याभरात सवय करून घेते.

आठवडा ४: भाजी. बहुतेक घरांत भाजी तोंडी लावण्यापुरती होते, दोन चमचे ताटाच्या कोपऱ्यात. ती अर्ध्या ताटाएवढी करा. तांबडी भाजी, दुधी, दोडकी, भेंडी, वाल, पावसात तायकिळो (टाकळा) आणि फागलां (कर्टुली). भाजी आधी वाढा, भात नंतर. हा एवढा साधा क्रम बदलला तरी भाताची दुसरी वाढ पुष्कळदा मागितली जात नाही.

आठवडा ६: प्रथिनं. रोजची गरज वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.) शंभर ग्रॅम मासळीत साधारण २० ग्रॅम, एका अंड्यात ६, वाटीभर शिजलेल्या कडधान्यात ७-८. दुपारच्या हुमणात बांगड्याचा एकच तुकडा आणि रात्री नुसती पेज आणि खारातला आंबा असं असेल तर हिशेब बसत नाही. पेज सोडू नका, तिच्याबरोबर अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्साभाजी, किंवा उकडलेलं अंडं घ्या. सोमवार, श्रावण पाळणाऱ्यांनी त्या दिवसांची कडधान्यं आदल्या रात्रीच भिजत घालावीत. नाहीतर शाकाहाराचा दिवस बटाट्याची भाजी आणि पुऱ्या यांचा होतो.

बांगडा आणि तारले स्वस्त म्हणून त्यांना कमी लेखू नका. ओमेगा-३ या चरबीसाठी हेच मासे उत्तम. मात्र रव्यात घोळवून तळले की रवा तेल पितो. आठवड्यातले बहुतेक दिवस तिरफळं घातलेलं हुमण, आणि तळायचाच झाला तर रवा न लावता तव्यावर चमचाभर तेलात.

आठवडा ८: तेल, खोबरं, मीठ. पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या तारखा आता काढा. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत हवं. चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे एक किलोचं पाकीट सुमारे ५० दिवस पुरलं पाहिजे. लोणचं, पापड, सुकी मासळी, पाव यांतलं मीठ धरलं तर त्याहून जास्त. महिन्यातच पाकीट संपत असेल तर कारण शोधायला डॉक्टर नको. तेलाचाही असाच हिशेब: दिवसाला माणशी चार चमचे धरले तर चौघांना महिन्याला सुमारे अडीच लिटर, खोबरेल धरून.

ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३३ ग्रॅम चरबी असते, म्हणजे जवळजवळ सात चमचे तेल. खोबरं बंद करा असं गोव्यात कोणी सांगितलं तर मीही ऐकणार नाही. पण हुमणात वाटलेलं, भाजीवर पेरलेलं आणि किसमुरीत (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीत) कालवलेलं असं एकाच जेवणात तीनदा नको. एका जेवणात खोबऱ्याचा एकच पदार्थ.

आठवडा १०: भात आणि पाव. आता भात. शिजलेला मोजू नका, कच्चा मोजा. घरात ठरावीक माप ठेवा आणि एक चतुर्थांश कमी घाला. उकडा तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरा, म्हणून तो दुप्पट खावा असं नाही. हा गैरसमज मधुमेहींत फार. पावाच्या जागी पोई (कोंडा लावलेला चपटा पाव) घ्यायची असेल तर एकदा तोडून पाहा. वर कोंडा भुरभुरवला म्हणजे आतलं पीठ गव्हाचं असतंच असं नाही. पोदेराला सरळ विचारा.

तपासा: दुपारी चार वाजता पोटात कावळे ओरडतात का? ओरडत असतील तर दुपारचं जेवण अपुरं आहे, भाजी किंवा कडधान्य वाढवा. भाजी-पावाऐवजी मूठभर भाजलेले चणे किंवा एखादं केळं जवळ ठेवा. भाजी-पाव आठवड्यातून एकदा, ठरवलेल्या दिवशी, बिनधास्त खा.

टप्पा ६: पावसाची तयारी मेमध्येच

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. "पाऊस थांबला की जातो" म्हणणारा माणूस चार महिने थांबतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर ऊन असतानाच, दोन दिवस मुद्दाम घरातला व्यायाम करून पाहा.

व्हरांड्यात फेऱ्या, जिना चढ-उतार, जागच्या जागी गुडघे उचलत चालणं, सूर्यनमस्कार. वीस मिनिटं जागच्या जागी चालणं कंटाळवाणं होतं हे खरं. रेडिओ लावा. बायकांचा गट असेल तर चवथीची फुगडी जुलैतच सुरू करा. दहा मिनिटं फुगडी घातली की बोलता येत नाही, म्हणजे ती मध्यम श्रमाच्याही वर गेली. आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट तेच राहतं, फक्त ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत पूर्ण करा. ताकदीचे दोन दिवस तर घरातच आहेत, त्यांना पावसाची सबब नाही.

बाहेर पडायचंच तर शेवाळलेल्या चिऱ्यांवरून आणि अंगणाच्या फरशीवरून जपून. पावसाळ्यातली पडझड बहुधा घराच्या पायरीवरच होते. ओले बूट आतून वर्तमानपत्र कोंबून वाळवा, शक्य असेल तर दोन जोड ठेवा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ताजी मासळी महागते आणि घरात सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे निघतात. ते मिठाचे डोंगर असतात. खारी मासळी भिजवून, पाणी दोनदा बदलून वापरा आणि त्या दिवशी हुमणात मीठ घालू नका. या दोन महिन्यांत अंडी आणि कडधान्यं वाढवा.

टप्पा ७: चवथ, जत्रा, लग्नं

नेवऱ्या, पातोळ्या, जत्रेतलं खाजें हे सणाला खायचंच. चूक सणाच्या दिवशी होत नाही, पुढच्या आठ दिवसांत होते, डब्यात उरलेल्या नेवऱ्या संपवण्यात. उरलेलं तिसऱ्या दिवशी वाटून टाका. लग्नाला जाण्याआधी उपाशी राहू नका. घरून वाटीभर उसळ खाऊन गेलात तर पंगतीत हात आवरतो. फेणी किंवा उर्राक (काजूची दारू) घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये. साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा इशारा दुप्पट समजावा.

व्यायामात खंड पडला तर राहिलेले दिवस भरून काढायला दुप्पट चालू नका. दोन-तीन दिवस गेले असतील तर जिथे होता तिथूनच. आठवड्याहून जास्त गेला असेल तर चालण्याच्या तक्त्यात एक आठवडा मागे या. तापानंतर आणखी सावकाश, अंगातली कणकण पूर्ण गेल्याशिवाय नाही.

टप्पा ८: बाराव्या आठवड्याची तपासणी

पहिल्या टप्प्यातली मापं पुन्हा घ्या, त्याच टेपने, त्याच वेळी, सकाळी. रक्तदाब आणि साखर पुन्हा तपासा. एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून ती आताच खरी बोलेल. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने कमी करू नका, आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.

वजन जागचं हललं नसेल पण घेर दोन-तीन सेंटिमीटर उतरला असेल आणि खुर्चीवरून उठण्याचा आकडा वाढला असेल, तर क्रम बरोबर चालला आहे. यांतलं काहीच बदललं नसेल तर सगळं नव्याने सुरू करू नका. पुन्हा सात दिवस वही लिहा आणि तीन ठिकाणी बघा: तेलाच्या पाकिटावरची तारीख, रात्री नऊनंतर काय खाल्लं, आणि शनिवार-रविवारची पानं. माझ्या वहीत रविवारचं पान कोरं होतं, आणि सगळा घोटाळा तिथेच निघाला.